घेतल्या भावाला आला की

अण्णांची वही माझ्या हातात आली तेव्हा तिच्या कडा हाताळून हाताळून मऊ पडल्या होत्या. आखीव पानं. डावीकडे तारीख, मग कंपनीचं नाव, मग किती शेअर, मग घेतलेला भाव, आणि उजवीकडे शेवटचे दोन रकाने: विकल्याची तारीख, विकल्याचा भाव. सुरुवातीच्या पानांवर हे दोन रकाने बऱ्यापैकी भरलेले आहेत. पुढे पुढे ते विरळ होत जातात. शेवटच्या काही पानांवर तर उजवी बाजू जवळजवळ कोरीच आहे. त्यातल्याच एका पानावर, एका कंपनीच्या नावापुढे, घेतलेल्या भावाखाली पेनाने दोन ठळक रेघा ओढलेल्या आहेत आणि समासात पेन्सिलीने, अण्णांच्या त्या उजवीकडे झुकणाऱ्या बारीक अक्षरात लिहिलंय: 'घेतल्या भावाला आला की काढणे.'

तो शेअर घेतल्या भावाला कधी आलाच नाही. अण्णांनी तो अकरा वर्षं सांभाळला. ते गेले तेव्हा मूळ भावाचा तिसरा हिस्साही उरला नव्हता.

वही मिटून मी बराच वेळ तशीच बसले. ते वाक्य मला नवीन नव्हतं. अगदी हेच शब्द मी स्वतः कितीदा तरी बोलले आहे. शेअर घेणाऱ्या कुणाशीही थोडा वेळ बोला, हे वाक्य येतंच. 'आता तोट्यात कशाला काढू? घेतल्या भावाला आला की काढून टाकते.' बोलताना त्यात काही वावगं वाटत नाही. उलट आपण धीराने घेतोय, घाबरून पळत नाही, असं वाटून थोडं बरंच वाटतं. पण तेच वाक्य अण्णांच्या अक्षरात, अकरा वर्षांपूर्वीच्या तारखेखाली वाचलं, आणि पहिल्यांदाच मी थांबून विचार केला की हे वाक्य नेमकं सांगतं तरी काय.

शेअरचं पुढे काय होणार हे कशावर ठरतं? कंपनीचा धंदा चालतो की नाही, तिच्यावर कर्ज किती आहे, तिचा माल घेणारे टिकलेत की दुसरीकडे वळलेत, चालवणारे लोक कसे आहेत. अण्णांनी तो शेअर कितीला घेतला, हे त्या कंपनीत कुणाला ठाऊक नव्हतं. ज्याने तो त्या दिवशी विकला, त्याला अण्णा कोण हेही माहीत नव्हतं. तो आकडा दोनच ठिकाणी जिवंत होता, वहीत आणि अण्णांच्या मनात. आणि अकरा वर्षं तो शेअर ठेवायचा की काढायचा, हे त्या एका आकड्याने ठरवलं.

डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली अर्थशास्त्राच्या एका मोठ्या नियतकालिकात एक लेख लिहिला. त्यातली मुख्य गोष्ट माझ्या शब्दांत सांगते. आपल्याजवळ एकूण किती आहे, यावर माणसाचं समाधान ठरत नाही. मनात एक खूण असते. त्या खुणेच्या वर असलो तर मिळवलं, खाली असलो तर गमावलं. तीच रक्कम हातात असलेली दोन माणसं, एक खुणेच्या वरून खाली आलेला आणि दुसरा खालून वर चढलेला, अगदी वेगळ्या मनःस्थितीत असतात आणि वेगळे निर्णय घेतात.

त्यांच्या लेखातले दोन प्रश्न मी आजही लोकांना विचारते. पहिला: ३,००० नक्की मिळणार, की ४,००० मिळण्याची ८० टक्के शक्यता आणि २० टक्के काहीच नाही? दुसऱ्या पर्यायात सरासरी जास्त पडते, तरी त्यांच्या पाहणीत ८० टक्के लोकांनी नक्की मिळणारे ३,००० घेतले. आता हाच प्रश्न उलटा करा. ३,००० नक्की जाणार, की ८० टक्के शक्यता ४,००० जाण्याची आणि २० टक्के शक्यता काहीच न जाण्याची? इथे ९२ टक्के लोकांनी जुगार पत्करला. मिळवायचं असतं तेव्हा पाऊल जपून टाकणारी माणसं, गमावायची वेळ आली की एकदम धाडसी होतात, आणि तेही अशा पैजेवर जिच्यात सरासरीने जास्तच जातं. नक्की तोटा मान्य करणं त्यांना इतकं जड जातं. पुढे १९९२ मध्ये या दोघांनी त्याला मापही दिलं: गमावल्याचं दुःख मिळवल्याच्या आनंदाच्या साधारण सव्वादोन पट.

तोट्यातला शेअर ठेवणं म्हणजे हाच दुसरा प्रश्न. आज काढला तर तोटा नक्की. ठेवला तर बहुधा अजून जाईल, पण कदाचित, कदाचित भाव परत येईल. आणि तो परत आलाच तर काहीच झालं नव्हतं म्हणायला आपण मोकळे.

हर्श शेफ्रिन आणि माइर स्टॅटमन यांनी १९८५ मध्ये ही सवय शेअर बाजारात दाखवून दिली: नफ्यातले शेअर लोक पटकन काढतात, तोट्यातले धरून बसतात. मग टेरन्स ओडीन यांनी एका ब्रोकरकडची १०,००० खाती घेतली, १९८७ ते १९९३ या सात वर्षांतली, आणि एकेक व्यवहार तपासला. नफ्यातला शेअर विकला जाण्याचं प्रमाण तोट्यातल्यापेक्षा जवळपास दीडपट निघालं. लोक समजून उमजून असं करत असतील, पडलेला शेअर वर येणार हे त्यांना दिसत असेल, असंही कुणी म्हणू शकेल. ओडीन यांनी तेही पाहिलं. विकलेले नफ्यातले शेअर पुढच्या वर्षभरात, न विकलेल्या तोट्यातल्या शेअरपेक्षा सरासरी ३.४ टक्के बिंदूंनी जास्त चढले. म्हणजे जे काढलं ते ठेवायला हवं होतं आणि जे ठेवलं ते काढायला.

याच अभ्यासात एक बारीक गोष्ट आहे आणि मला ती सगळ्यात जास्त आवडते. वर्षातल्या एकाच महिन्यात हे चित्र उलटं होतं, डिसेंबरात. ती खाती अमेरिकेतली होती आणि तिथे तोटा दाखवून कर वाचवायचा तर तो वर्ष संपायच्या आत दाखवावा लागतो. अकरा महिने ज्या शेअरला लोक हात लावायला तयार नव्हते, तोच शेअर डिसेंबरात ते सहज विकत होते. कर तर वर्षभर लागू होता. तोटा आधी घेतला असता तरी चालला असता, बरेचदा फायद्याचंही झालं असतं. मग डिसेंबरात काय बदललं? मला वाटतं, त्या एका महिन्यात विकण्याला दुसरं नाव मिळालं. 'माझा अंदाज चुकला' असं म्हणायची गरज उरली नाही, 'कर वाचवला' असं म्हणता आलं. पैसे तेवढेच गेले, मान मात्र राहिला.

हे वाचलं त्या दिवशी माझा स्वतःचा एक जुना व्यवहार मला समजला. एका कंपनीचे शेअर मी बराच अभ्यास करून घेतले होते. तिचे ताळेबंद वाचले होते, दोन रात्री जागून आकडेमोड केली होती, आणि मुख्य म्हणजे तीन-चार जणांना सांगितलंही होतं, 'ही कंपनी पाहा.' शेअर २० टक्के पडला तेव्हा मी आणखी घेतले. याला बाजारात ॲव्हरेज करणं म्हणतात. पडलेल्या भावात आणखी घेतलं की सरासरी भाव खाली येतो, म्हणजे 'घेतल्या भावाला' येणं तेवढं जवळ येतं. शेअर आणखी पडला, मी आणखी घेतले. कंपनीबद्दल त्या काळात मला नवीन काही कळलं होतं का? कळलं होतं, आणि सगळं वाईटच होतं. लेखापरीक्षकाने राजीनामा दिला होता. मोठं गिऱ्हाईक गेलं होतं. मी त्या बातम्या वाचत होते आणि प्रत्येकीला उत्तर शोधत होते. माझ्या एकूण गुंतवणुकीतला त्या एका शेअरचा हिस्सा वाढत गेला आणि मी स्वतःशी हिशेब मांडत राहिले की आता फक्त इतके टक्के वर यायला हवा.

त्या महिन्यांत अ‍ॅप उघडायची माझी पद्धतही बदलली होती, हे मला फार उशिरा लक्षात आलं. बाजार चढलेल्या दिवशी मी दिवसातून पाच-सहा वेळा खातं पाहायची. पडलेल्या दिवशी 'आज वेळ नाही' म्हणून पाहायचीच नाही. निक्लास कार्लसन, जॉर्ज लोवेनस्टीन आणि ड्युएन सेप्पी यांनी २००९ मध्ये गुंतवणूकदारांच्या अशाच नोंदी तपासल्या होत्या: कोण कधी खातं उघडून पाहतं. बाजार खाली असताना लोक कमी वेळा पाहतात. डोळे मिटले की तोटा थोडा वेळ नाहीसा होतो. वाईट बातमी ऐकावी लागू नये म्हणून आपण तपासणी पुढे ढकलतो, तसंच.

शेवटी तो शेअर मी काढला तेव्हा पैशाचं दुःख मी धरलं होतं तितकं झालं नाही. ज्या तिघा-चौघांना सांगितलं होतं त्यांचे चेहरे मात्र डोळ्यांसमोर आले. तेव्हा कळलं, इतके महिने मी पैसा सांभाळत नव्हतेच. मी माझा शब्द सांभाळत होते.

यावर कुणी म्हणेल, हे हौशी माणसांचं झालं, ज्यांचं पोटच बाजारावर आहे ते असं करत नसतील. जोशुआ कोव्हल आणि टायलर शमवे यांनी २००५ मध्ये शिकागोच्या वायदे बाजारातल्या, स्वतःच्या पैशाने रोज व्यवहार करणाऱ्या व्यावसायिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांची सकाळ तोट्यात गेली, ते दुपारी जास्त जोखीम घेताना दिसले. दिवस संपायच्या आत शून्यावर यायचं, हाच त्यांचा घेतला भाव. आणि एखाद्याच्या हातात स्वतःच्या पैशाऐवजी संस्थेचा पैसा असला की हे कुठवर जातं, ते बेरिंग्जने दाखवलं. १७६२ साली स्थापन झालेली लंडनची ही बँक १९९५ च्या फेब्रुवारीत बुडाली. तिच्या सिंगापूरच्या कार्यालयातला निक लीसन तोटे एका खात्यात लपवत होता, खात्याचा क्रमांक ८८८८८. तोटा भरून निघावा म्हणून त्याने जपानच्या निक्केई निर्देशांकावर डाव वाढवत नेला. १७ जानेवारीला कोबेत भूकंप झाला, बाजार पडला, आणि त्यानंतरही त्याने तो आणखी वाढवला. अखेरचा आकडा ८२.७ कोटी पौंड. त्याचा गुन्हा गुन्हाच आहे, शिक्षाही झाली. पण त्या खात्याचा इतिहास वाचताना मला तो ९२ टक्क्यांचा प्रश्न आठवत राहतो. प्रत्येक पायरीवर त्याच्यासमोर तीच निवड होती, नक्की तोटा किंवा मोठा जुगार.

आता बाजाराकडे येते, कारण इथवर सगळं एकेका माणसाचं झालं. कॉलेजात असताना मला शिकवलं गेलं होतं की माणसं चुकतात खरी, पण एक इकडे चुकतो, दुसरा तिकडे, सगळ्या चुका एकमेकींना छेदतात आणि बाजाराचा भाव बरोबर निघतो. ही कल्पना मला फार सुंदर वाटायची. पण सगळे जर एकाच बाजूला चुकत असतील तर? सगळ्यांच्या मनात घेतल्या भावाची तीच ओढ असेल तर चुका छेदल्या जाणार नाहीत, साठत जातील.

आंद्रेआ फ्राझिनी यांनी २००६ मध्ये नेमकं हेच तपासलं. कल्पना करा, एका कंपनीचे शेअर ज्यांच्याकडे आहेत ते बहुतेक सगळे तोट्यात आहेत. वाईट बातमी येते. भाव एका फटक्यात खाली यायला हवा. पण धारक विकत नाहीत, कारण घेतल्या भावाला यायची वाट पाहतायत. विकायला फारसं कुणी नाही, म्हणून भाव पडायला हवा तितका पडत नाही. मग हळूहळू, आठवडेच्या आठवडे तो झिरपत खाली जातो. उलट बाजूलाही तसंच. धारक नफ्यात असताना चांगली बातमी आली की सगळ्यांना नफा पदरात पाडून घ्यायची घाई होते. त्यांच्या विक्रीने भाव चढायला हवा तितका चढत नाही आणि उरलेली चढण पुढच्या काळात रेंगाळत होते. फ्राझिनींना आकड्यांत हे खरंच दिसलं. भाव बातमीच्या मागे राहतो आणि किती मागे राहील हे धारक कुठे बसलेत, खुणेच्या वर की खाली, यावर अवलंबून असतं.

मला हे वाचून अंगावर काटा आला होता, खरंच. अण्णांचा तो पेन्सिलीचा समास आणि त्यांच्यासारख्या हजारोंचे समास, ते सगळे मिळून भावात उतरतात. कंपनीला ठाऊक नसलेला तो खाजगी आकडा असा मागच्या दाराने बाजारात शिरतो.

कधीकधी तर बाजार स्वतःकडेच पाहून घाबरतो. १९ ऑक्टोबर १९८७, सोमवार. अमेरिकेचा डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के पडला. त्या दिवशी ना युद्ध सुरू झालं, ना एखादा देश बुडाला. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट शिलर यांनी त्याच आठवड्यात गुंतवणूकदारांना प्रश्नावल्या पाठवल्या आणि जवळपास ९०० उत्तरं मिळवली. त्या दिवशी कोणती बातमी किती महत्त्वाची वाटली, या प्रश्नाला लोकांनी सर्वात जास्त महत्त्व कशाला दिलं? भाव पडतायत या बातमीला. शिलर यांनी आणखी एक प्रश्न विचारला होता. त्या दिवशी लक्ष लागत नव्हतं का, तळहातांना घाम, छातीत दडपण, नाडी जलद, असं काही झालं का? होकार देणाऱ्यांचं प्रमाण साध्या गुंतवणूकदारांपेक्षा मोठ्या संस्थांचे पैसे सांभाळणाऱ्यांत जास्त होतं. मला हा प्रश्न विचारल्याबद्दल शिलर यांचं फार कौतुक वाटतं. बाजाराचा अभ्यास करणाऱ्या माणसाला तळहाताचा घाम विचारावासा वाटला.

आणि भावाचं साधं गणितसुद्धा चुकू शकतं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. २ मार्च २००० रोजी थ्रीकॉम कंपनीने आपल्या पाम या उपकंपनीचे सुमारे ५ टक्के शेअर बाजारात आणले. उरलेले पुढे थ्रीकॉमच्या भागधारकांना वाटायचे, प्रत्येक शेअरमागे साधारण दीड पाम, असं जाहीर झालेलं होतं. त्या दिवशी बाजार बंद होताना पामचा भाव होता ९५.०६ डॉलर. म्हणजे थ्रीकॉमचा एक शेअर, तिचा बाकी धंदा फुकट धरला तरी, १४२ डॉलरच्या आसपास असायला हवा. तो होता ८१.८१ ला. ओवेन लॅमॉन्ट आणि रिचर्ड थेलर यांनी पुढे याचा सविस्तर अभ्यास केला. पामचे शेअर उसने घेऊन विकणं, म्हणजे आज चढ्या भावात विकून भाव पडल्यावर स्वस्तात घेऊन परत करणं, अवघड आणि महाग होतं, म्हणून जाणकारांना हा फरक लगेच मोडून काढता आला नाही, हे खरं. पण खरेदी करणारे? दीड पाम थ्रीकॉममधून स्वस्तात मिळत असताना ते थेट पामच घेत होते, कारण त्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी पाम हे नाव होतं.

त्याच मार्चमध्ये अमेरिकेचा नॅस्डॅक निर्देशांक ५,०४८ वर पोचला. तिथून ऑक्टोबर २००२ पर्यंत तो सुमारे ७८ टक्के पडला आणि पुन्हा त्या उंचीवर यायला २०१५ उजाडलं. जपानचा निक्केई १९८९ च्या अखेरीस ३८,९१५ वर बंद झाला होता. ती पातळी त्याने पुन्हा ओलांडली २२ फेब्रुवारी २०२४ रोजी, चौतीस वर्षांनी. घेतल्या भावाला यायची वाट पाहणं म्हणजे काय असू शकतं, ते या तारखा सांगतात. आणि हे निर्देशांकांचं झालं, ज्यांत मेलेल्या कंपन्या काढून नव्या घातल्या जातात. एकट्या कंपनीला अशी सोय नसते.

हे सगळं वाचून एक चुकीचा धडा मीही काही काळ घेतला होता. तोटा दिसला की काढायचा, चपळ राहायचं. तेही महाग पडतं. ब्रॅड बार्बर आणि ओडीन यांनी १९९१ ते १९९६ या काळातल्या ६६,४६५ कुटुंबांची खाती पाहिली. बाजाराने वर्षाला १७.९ टक्के दिले, आणि सर्वात जास्त उलाढाल करणाऱ्यांना मिळाले ११.४. कारण सारखी घेतली-विकलेली प्रत्येक वेळ खर्चाची असते, आणि प्रत्येक वेळी आपल्याला वाटतं की समोरच्यापेक्षा आपल्याला जास्त कळतं. थेलर, ट्वर्स्की, कानेमन आणि ॲलन श्वार्ट्झ यांच्या १९९७ च्या प्रयोगात ज्यांना निकाल वारंवार दाखवले ते जास्त घाबरले, जोखीम कमी घेतली आणि कमावलंही कमी. ज्यांना क्वचित दाखवले त्यांचं बरं झालं. म्हणजे अण्णांची चूक ठेवण्यात नव्हती. ठेवणं बरेचदा योग्यच असतं. चूक ठेवण्याच्या कारणात होती.

या विषयावर बोलताना लोक सर्रास 'मूर्खपणा' हा शब्द वापरतात, तो मला मनापासून खटकतो. गमावण्याची भीती मूर्खपणा असती तर माणूस इथवर टिकलाच नसता. हाताशी असलेलं जपणं, दिलेला शब्द न सोडणं, पडत्या काळात साथ न सोडणं, हे गुण आहेत. अण्णा माणसांच्या बाबतीत अगदी असेच होते आणि आम्ही सगळे त्यांच्या त्या स्वभावावर उभे राहिलो. तोच स्वभाव शेअरला लावला की गफलत होते, कारण शेअरला तुमची निष्ठा कळत नाही. हे ओळखणं सोपं नाही आणि ज्यांना ते जमलं नाही त्यांना हसण्यात काही अर्थ नाही.

राग मला येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. आजच्या पडद्यांची रचना पाहा. खातं उघडलं की प्रत्येक शेअरपुढे सर्वात ठळक काय दिसतं? घेतल्या भावापासून किती वर, किती खाली. रंगवून, टक्क्यांसकट, क्षणाक्षणाला बदलत. जो आकडा निर्णयाला सर्वात कमी उपयोगी, तोच डोळ्यांत घुसवलेला. अण्णांना निदान वही उघडावी लागायची. कॅरी फ्रीडमन आणि अँटोनियो रँजेल यांनी २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर घेतलेला भाव ठळक न दाखवता बाजूला सारला, आणि नफ्यातले काढायची-तोट्यातले ठेवायची ती सवय सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाली. माणसं तीच, फक्त एक आकडा नजरेआड. मी माझ्या अ‍ॅपमध्ये तो रकाना बंद करण्याचा पर्याय शोधला. नव्हता. मग मी माझ्यापुरती एक साधी यादी केली. तिच्यात कंपनीचं नाव, घेतलं तेव्हा काय वाटून घेतलं, आणि काय घडलं तर माझं म्हणणं चुकलं असं मी मानेन, एवढंच. भाव लिहिलेला नाही. दर तीन महिन्यांनी यादी काढते आणि प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न विचारते: आज माझ्याकडे हे शेअर नसते, तेवढे पैसे रोख असते, तर मी हे घेतले असते का?

अण्णांच्या शेअरला हा प्रश्न विचारायला मला दोन वर्षं लागली. विल्यम सॅम्युएलसन आणि रिचर्ड झेकहाउसर यांनी १९८८ मध्ये लोकांना विचारलं होतं: वारशात तुम्हाला रक्कम मिळाली, ती कुठे गुंतवाल? काहींना रक्कम रोख मिळाल्याचं सांगितलं, काहींना ती आधीच एखाद्या गुंतवणुकीत असल्याचं. जे ज्या गुंतवणुकीत 'मिळालं', तिथेच ते ठेवण्याकडे लोकांचा कल वाढला. माझ्याबाबतीत तर वारशासोबत वहीही आली होती, दोन रेघा मारलेला आकडा आणि समासातला आदेश. मी तो शेअर घेतला नव्हता. मला त्यात एका पैचाही तोटा झालेला नव्हता, जे मिळालं ते सगळं वरकडच होतं. तरी मी त्याच्याकडे पाहताना मनात म्हणत होते, अजून फार खाली आहे. अण्णांची खूण मी जशीच्या तशी माझ्या मनात आणून ठेवली होती.

दादाला फोन केला.

"दादा, अण्णांचा तो शेअर काढते आहे."

"आता? इतक्या खाली? अगं, किती वर्षं सांभाळला होता त्यांनी. थोडं थांब, घेतल्या भावाला…" आणि तो मधेच थांबला. वही त्यानेही पाहिली होती.

"आपण तो घेतलाच कुठे होता, दादा?"

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "ते लिहिलेलं आहे ना त्यांनी, म्हणून वाटतं गं. त्यांचं काहीतरी अर्धं राहिलंय असं वाटतं."

मला अगदी तेच वाटत होतं, आणि ते त्याने बोलून दाखवल्यावर मला रडू आलं. शेअरचं नाव निघालं की आम्हा दोघांना भाव दिसतच नव्हता. आमचा हिशेब दुसराच होता आणि तो कुठल्याही भावाला मिटणारा नव्हता.

"काढ," दादा म्हणाला. "पण विकल्यावर रोज बघत बसू नकोस कुठे गेला ते."

"बघेन एक-दोनदा."

"एक-दोनदा ठीक."

दुसऱ्या दिवशी मी तो काढला आणि वहीतल्या त्या ओळीचे उजवीकडचे दोन रकाने भरले. माझं अक्षर अण्णांसारखं झुकत नाही, सरळ येतं, त्यामुळे नोंद वेगळी उठून दिसते. समासातली पेन्सिल खोडली नाही. त्या पानावर अजून चार ओळी उजवीकडे कोऱ्या आहेत. त्यांतल्या तीन कंपन्यांचं काय करायचं ते या तिमाहीत ठरवीन. चौथीचे शेअर, ही वही कधी हातात आली नसती तरी, मी आज घेतले असते.